आईचा नीरफणस

बर्मिंगहॅम, रविवार

माझी लाडकी आयसिल्डा,

देव तुम्हा सगळ्यांना सुखात ठेवो. तुझा गुडघा कसा आहे? अगं, मी आजी झाले! माझ्या लेकीला मुलगी झाली. नाव पर्ल, आपल्या आईचंच. कपाळ तस्संच रुंद, आणि दूध पिऊन झालं की ढेकरही आईसारखीच देते, मेली!

आई शांतपणे गेली, हे तुला फोनवर सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगवली नाही. तुला जमैकात आजीपाशी ठेवून आई बोटीत बसली, एकतीस वर्षं इथल्या इस्पितळाच्या चादरी धुतल्या, पण स्वतःला इथली कधी म्हणाली नाही. "नीरफणसाखाली माझी नाळ पुरलीय, मी तिथली," म्हणायची. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "व्हर्ना, माझं झाड उभं आहे ना गं?"

वादळात ते पडल्याचं तुझं पत्र आलेलं होतं. मी म्हटलं, "उभंय की, फळांनी वाकलंय."

"मग आयसिल्डा एकटीच भाजून खातेय वाटतं, हावरट!" म्हणाली नि हसली. "होणाऱ्या बाळाची नाळ त्याच्याच बुंध्याशी पुरा. इथले लोक कचऱ्यात टाकतात."

मरत्या आईशी खोटं बोलले गं. तेव्हापासून घास उतरत नाही.

पर्लची सुकलेली नाळ रुमालात गुंडाळून पाठवतेय. नीरफणसाला मुळातून कोंब येतात म्हणे. जाऊन बघ. आला असेल तर तिथंच पूर. नसला, तर कुठूनही रोप आणून लाव, पण मला लिहिताना एवढंच लिही, की झाड उभं आहे.

तुझी थकलेली, पण आजी झालेली बहीण,
व्हर्ना