काशीत सोडलेलं वरण

माय,

आज तुझ्या नातीने जळगावात भाषण केलं, आणि त्या भाषणात तू होतीस. ज्येष्ठ नागरिक संघाचं सभागृह गच्च भरलं होतं आणि वक्त्याची आई म्हणून मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं होतं. तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती. आता ती पुण्यात आहारतज्ज्ञ आहे, म्हणजे काय खावं हे तिच्याकडून ऐकायला लोक पैसे देतात. तुला हे सांगितलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तिथून घरी आल्यापासून मी एकच गोष्ट घोळवत बसले आहे, तिला खरं सांगावं की नाही. ज्याला विचारावं असं कोणी उरलेलं नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

ती बोलते छान. विषय होता म्हातारपणी अंगात ताकद राहावी म्हणून काय खावं आणि कोणत्या गोळ्या घ्याव्या. हल्ली ज्याच्या त्याच्या टेबलावर डबे असतात, माशाच्या तेलाच्या कॅप्सुला, हाडांसाठीच्या गोळ्या, कसली कसली पावडर. ती म्हणाली की अंगात मुळात कमतरता नसेल तर यातल्या बऱ्याच गोष्टींचा फारसा उपयोग दिसत नाही, असंच आताचं संशोधन सांगतं. शाकाहारी माणसाने रक्त तपासून बी-ट्वेल्व कमी असेल तर ते जरूर घ्यावं. पण सगळ्यात आधी डाळ, दूध, दही, चालत असेल तर अंडं. म्हाताऱ्या माणसाला थोडकं खाल्लं तरी चालतं हा समज काढून टाका, वय वाढलं की अंगाला प्रथिनं उलट जास्तच लागतात, नाही मिळाली तर शरीर स्वतःचंच मांस खातं आणि पाय काडीसारखे होतात. धुळ्याकडचे एक नाना मध्येच उभे राहिले. "ताई, ती साखरनी गोयी ज्याले साखर नही त्यानी खादी तं वय वाढस म्हने, खरं शे का?" ती हसून म्हणाली, "नाना, मधुमेहाच्या गोळीने आयुष्य वाढतं का यावर अभ्यास चालू आहेत, अजून खात्रीने कोणी सांगू शकत नाही. तुम्ही तोवर हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा." झालं, सगळं सभागृह उठाबशा काढायला लागलं. गुडघे कडकड वाजत होते आणि हशा चालला होता. मीही उठले. दुसऱ्या खेपेला मला हात टेकावा लागला, पण ते तिने पाहिलं नाही.

मग ती थांबली आणि तुझ्याबद्दल बोलली. म्हणाली, माझी आजी भरल्या घरात उपाशी होती. रावेर तालुक्यात केळीची बाग, दारात दुभती जनावरं, माणसांची ऊठबस, आणि ती भाकरी-ठेचा खाऊन दिवस काढायची. शेवटी तिला पाटावरून उठता येईना, एक दिवस ओट्याजवळ साधी बसली ती मागे कलंडली, खुबा मोडला आणि ती परत चालली नाही. सगळे म्हणाले वय झालं. "वय नव्हतं झालं. तिच्या ताटात काय नाही, हे घरातल्या एकाही माणसाने पाहिलं नाही." टाळ्या नाही झाल्या, माय. शेजारच्या बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी पाहिलं होतं. तुझ्या ताटात काय नाही हे माझ्याइतकं कोणीच पाहिलं नसेल.

तू काशीला गेलीस ते आपल्या गावातून निघालेल्या बसने. काशीला जाऊन खाण्यातली एक वस्तू जन्मभरासाठी सोडून यायची ही रीत आपल्याकडे सगळ्यांची, त्यात नवल नाही. आत्याने कारलं सोडलं, जे तिने जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. काकूने फणस सोडला, आणि आपल्या भागात फणस बघायला मिळत नाही. तू तुरीची डाळ सोडलीस. बसमधून उतरल्यावर ते सांगितलंस तेव्हा आबा एवढे चिडले की दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. खान्देशातली बाई वरण सोडते म्हणजे काय उरतं तिच्या ताटात? आणि वरण तुझा जीव की प्राण. यात्रेनंतरच्या मावंद्याला सगळं गाव जेवलं, वरण-बट्टीच केली होती, तू स्वतः बादली घेऊन पंक्तीत वाढत होतीस. शेवटी बायकांची पंगत बसली तेव्हा तू कोरडी बट्टी कुस्करून वांग्याच्या भाजीशी खाल्लीस. आत्या म्हणाली, वहिनी, माझ्यासारखं कारलं सोडायचं होतंस. तू म्हणालीस, "आवडतं तेच सोडा लागतं व. कारलं सोडून देवाले फसवू का मी?" आत्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

त्या वर्षी मी दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत होते. माझी दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि सासरची माणसं माझ्यादेखत कुजबुजत नव्हती एवढंच. पुढच्या वर्षी ही झाली. तू माझ्याकडे येऊन राहिलीस. त्या छोट्या स्वयंपाकघरात तू माझ्यासाठी रोज वरण करतेस, लसणाची फोडणी चुरचुरते, वर तूप सोडतेस, आणि माझ्यासमोर बसून स्वतः भाकरीवर ठेचा घेतेस. फोडणीचा वास आला की तू नकळत मोठा श्वास घेतेस, हे मला आत्ताही दिसतं. एक दिवस मी हट्टाला पेटले. म्हटलं, एक वाटी खा, काशीतला देव इथे दीपनगरला बघायला येणार आहे का? तू मांडीवरच्या पोरीकडे पाहिलंस. "हिच्यासाठी सोडली. तिथं मांगून आली मी. देलं ते देलं, आता मांगं घेता येते का?" आणि मग हळूच, "कोणाले सांगजो नको. सांगतलं का फय जातं." बोलून दाखवलं की नवसाचं फळ जातं, म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. आबांनाही नाही.

नुसत्या डाळीने तू गेली नाहीस, एवढं मलाही कळतं. आबा गेल्यावर तू रात्रीचं जेवणही सोडलंस, दूध डेअरीला जाऊ लागलं, मूग-उडीद तुला पचेनात. मी हाडांच्या गोळ्या आणल्या, ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा आणला, तो तू येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना दुधात घालून पाजलास. सगळी माणसं तुझ्या कमी खाण्याचं कौतुक करायची, बाई किती संयमी म्हणायची. मीही करायचे. पण हातापायाच्या काड्या व्हायला सुरुवात त्या वरणापासून झाली, हे आज तुझ्या नातीने सगळ्यांसमोर मला पटवून दिलं. आणि तिला हे ठाऊक नाही की ती ज्या अन्नाबद्दल बोलत होती ते तिच्यासाठीच सोडलेलं होतं. तुझी फार आठवण येते, माय. माझ्या वयाची असताना तू कशी दिसायचीस ते आठवून आज मी सभागृहाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

सांगितलं तर मी सुटते. घरातल्या कोणी पाहिलं नाही असं ती पुन्हा म्हणणार नाही. पण मग तिचं काय होईल? ती दिवसभर लोकांना डाळ खा म्हणून सांगते. तू सोडलेल्या डाळीवर आपण जन्मलो असं कळलं तर ती उद्या कोणत्या तोंडाने सांगेल? तिला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, ती म्हणेल आई हा वेडेपणा आहे, आणि मग एकटी असताना त्याच्यावर विचार करत बसेल, मी ओळखते तिला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, बी.ए. बी.एड. झालेली, आयुष्यभर शाळेत शिकवलेली मी, मलाही भीती वाटते. फळ जाईल याची. तिच्या अंगाला साधा ताप आला तरी मला वाटेल मी बोलले म्हणून.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आई, मी जास्त बोलले का?" मी म्हटलं, नाही, बरोबर बोललीस. अजिंठा चौफुलीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "पण आजी वरण का खायची नाही गं? मला आठवतं, ती मला भरवायची आणि वाटीला चिकटलेलंसुद्धा चाटायची नाही. तुला कधी विचारावंसं नाही वाटलं?" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, तुझेच डोळे, तुझ्यासारखेच भुवया उचलून.

मी तिला सांगितलं, तुझ्या आजीला वरण आवडायचंच नाही.