कडीला बांधलेला रुमाल

प्रिय गप्पू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे मला थोडी तरी आशा आहे. चिमीला पोहोचवून आलो त्या दिवसापासून तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. बरोबरच आहे तुझं. तुझी लेक गेली आणि तिचा जीव घेतल्याचा आरोप माझ्या मुलावर आहे. अशा वेळी शाळेतली मैत्रीण असो नाहीतर विहीण, तिचं तोंड कोण बघेल? पण वर्गात तुला गप्पू म्हणायचे आणि मला मिरची, तेव्हा बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. येत्या सोमवारी माझी साक्ष आहे. बचाव पक्षाची साक्षीदार, आरोपीची आई. माझ्या शब्दावर तो सुटेल नाहीतर अडकेल असं त्याचे वकील म्हणतात, आणि एवढ्या एका बाबतीत तो माणूस खरं बोलतोय. त्याआधी तुला सगळं सांगायचंय.

पहिल्या दिवसानंतर तू कोर्टात आली नाहीस ते फार चांगलं केलंस. तिथे लोक डबे घेऊन येतात. खोटं नाही सांगत. पुढच्या बाकावर पिशव्या ठेवून जागा धरतात, आणि साक्ष रंगात आली की तेवढ्यापुरत्या शेंगा फोडायच्या थांबतात, हीच काय ती त्यांची सहानुभूती. दोन बायका तर रोज हजर, आपल्याशी ना नातं ना ओळख. सुरुवातीला त्यांना तो देखणा वाटला, म्हणून निर्दोष वाटला. मग डॉक्टरांनी गळ्यावरच्या खुणांचं सांगितलं, तेव्हा त्यांचं मत पडलं की बाईनेच काहीतरी केलं असणार, उगाच कोण कुणाचा गळा दाबेल. मी त्यांच्या मागेच होते. म्हटलं, जाताना टरफलं तरी उचलून न्या. मी त्याच्या बाजूच्या बाकावर बसते हे तुला कुणीतरी कळवलं असेलच. बसते. माझे धाकटे दीर मला हाताला धरून तिथे नेऊन बसवतात, कारण आरोपीची म्हातारी आई न्यायाधीशांना दिसली पाहिजे असा वकिलांचा हुकूम आहे. मी तिथे शोभेला आहे.

आमचे चिरंजीव पिंजऱ्यात मान खाली घालून असतात. घडीचा शर्ट, चापून बसवलेले केस, डोळ्यांत पाणी आणायची खटपट. ती मान त्याची नव्हे, वकिलांनी बसवून दिलेली आहे. भेटीच्या खोलीत मी ती तालीम स्वतः पाहिली. लहानपणी याने आरसा फोडला तेव्हा मान चांगली ताठ होती. मांजराने फोडला म्हणाला, आणि आमच्याकडे मांजर नव्हतं. आता मांजराच्या जागी चोर आलाय, एवढाच फरक. कपाट उघडं, कपडे जमिनीवर, आणि घरातली एकही वस्तू गेलेली नाही. असा निर्लोभी चोर जगात दुसरा नसेल. याच्या मनगटावर ओरखडे आहेत ते कपाटाच्या पत्र्याचे म्हणे. आणि नेमका त्याच दिवशी याचा फोन घरी विसरला म्हणे. बायको गेल्याचं दुःख मला अजून त्याच्या चेहऱ्यावर दिसायचंय. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या तक्रारी दोन होत्या, तिथली उशी आणि तिथला चहा.

दीर दिवसभर घराण्याच्या अब्रूबद्दल बोलत असतात. आमच्या घराण्याला अब्रू होती हे मला या खटल्यामुळेच कळलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच त्यांचा कायद्याचा अभ्यास. पोलीस पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा हेच शेजारी बसले आणि मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यांनीच देऊन टाकलं. वहिनींना धक्का बसलाय, त्यांना काही आठवत नाहीये. पोलिसांनाही घाई होती. म्हातारीला काय कळतंय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते निघून गेले.

आता रुमालाचं सांगते, कारण सगळा खटला त्याच्यावर येऊन थांबलाय. आमचे चिरंजीव तान्हे असताना झोपेच्या बाबतीत नवाब होते. जिन्यात कुणी शिंकलं तरी जागे, आणि एकदा जागे झाले की संध्याकाळपर्यंत भोकाड. आमच्या दारावर वाजवायची ती जाड लोखंडी कडी तुला आठवते ना? तिच्याभोवती मी रुमाल गुंडाळून बांधायला लागले. रुमाल दिसला की आत कुणीतरी झोपलंय, वाजवू नका. हळूहळू सगळी इमारत शिकली. पुढे ते घर मी त्या दोघांना दिलं आणि मागच्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांत आले, पण रुमाल तिथेच राहिला. याला पंपघरात रात्रपाळी, दिवसा झोप. चिमी चष्म्याच्या दुकानात कामाला निघाली की दार अलगद ओढून घ्यायची, चौकटीचा निळा रुमाल कडीला बांधायची आणि जिना उतरेपर्यंत चपला हातात धरायची. लग्न झाल्यापासून रोज. रुमाल नेहमी जागं असलेल्या माणसाने, बाहेरून, झोपलेल्यासाठी बांधायचा. कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण दुसरी काही तऱ्हाच नव्हती. चिमीचं डोकं दुखायचं ना, तेव्हा ती नुसतं दार लावून पडायची आणि प्रत्येक टकटकीला उठायची. एकदा मी म्हटलं, अगं रुमाल बांध की. तर हसली आणि म्हणाली, आई, तो यांचा आहे.

त्या दिवशी तिला दुकानातून सुट्टी होती. शेजारीण जेवण उरकून तिच्याकडे कात्री मागायला गेली होती, तेव्हा चिमीने स्वतः दार उघडलं आणि कात्री दिली. शेजारीण चहाच्या वेळेच्या आधी कात्री परत द्यायला गेली तर कडीला रुमाल. बिचारी तशीच मागे फिरली. पुन्हा गेली, पुन्हा रुमाल. अंधार पडल्यावर आमचे चिरंजीव आले, एरवी जी शेजारीण दिसली की तोंड फिरवायचे तिच्याशी जिन्यात हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि तिला समोर ठेवूनच दार उघडलं. शेजारणीने हे सगळं रडतरडत सांगितलं. मी कडी वाजवली असती तर, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग कोर्टात सगळ्यांना पोलिसांनी त्या रात्री दार ओढून घेऊन काढलेला फोटो दाखवला, कडीला रुमाल तसाच असलेला. वकील उठले आणि म्हणाले, पाहा, बाई स्वतः रुमाल बांधून निवांत झोपल्या होत्या, म्हणजे जिवंत होत्या, आणि पतिराज तेव्हा आपल्या आईकडे होते. नंतर कुणीतरी आलं असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. शहाणीसुरती माणसं रुमाल बघून परत गेली, चोर तेवढा अडाणी निघाला. सरकारी वकिलांनीसुद्धा तो फोटो पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यांच्या लेखी तो नुसता रुमालच होता.

वकील मला मातोश्री म्हणतात. खोकल्याची गोळी गालात ठेवून त्यांनी माझी शिकवणी घेतली. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. त्या दिवशी तो माझ्याकडे जेवायच्या वेळेला आला आणि अंधार पडेपर्यंत इथेच होता. आणि सुनेला दुपारी झोपताना स्वतःच रुमाल बांधायची सवय होती. मी म्हटलं, हे खोटं आहे. तर म्हणाले, खोटं नाही मातोश्री, आठवण आहे, आणि या वयात आठवण थोडी मागेपुढे होतेच. रडू आलं तर आवरू नका, आणि नाही आलं तर खाली बघा. मुलाला जसं बसवून दिलं तसंच मलाही बसवताहेत. काही झालं तरी आईच ना तुम्ही, असं दीर जाताना म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांना माझी आठवण आली ती अशी.

तो आला तेव्हा मी चहाचं भांडं विसळत होते. जेवणाची वेळ कधीच उलटून गेली होती. घामाने डबडबलेला, आणि तसल्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला बटणं लावलेली. भूक लागलीय म्हणाला. दुपारचं उरलेलं सगळं गरम करून वाढलं, त्याने मागून मागून खाल्लं. ताट तिथेच सोडून म्हणाला, जरा पडतो, कुणाला येऊ देऊ नकोस. माझ्या पलंगावर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. आणि मी काय केलं असेल, गप्पू? उठले, रुमाल घेतला आणि माझ्या दाराच्या कडीला बांधला. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेले. तिकडे त्याच वेळी दुसऱ्या कडीला दुसरा रुमाल होता आणि त्या दाराआड आपली चिमी होती. मी ज्याच्या झोपेला जपत होते तो तिला तिथे टाकून आला होता. त्या गाठीची मला अजून किळस येते. हात कितीही धुतले तरी येते.

आणखी एक तुला कुणी सांगितलेलं नाही. आधीच्या रविवारी चिमी माझ्याकडे आली होती. चष्म्याच्या दुकानावरची खोली तिने भाड्याने घेतली होती. म्हणाली, आई, मी वेगळी राहणार आहे, तुम्ही रागावलात तरी. मी म्हटलं, रागवायला मी काय तुझा नवरा आहे? आणि माझं शिवणयंत्र घेऊन जा, पडदे शिवायला लागतील. ती हसली, तुझ्यासारखीच, तोंडावर हात ठेवून. तुला सांगायला पुढच्या आठवड्यात येणार होती, किल्ली हातात घेऊन, म्हणजे तू काळजी करत बसणार नाहीस. खोलीला पूर्वेची खिडकी आहे हे तिने मला तीनदा सांगितलं. शिवणयंत्र अजून माझ्या दाराशी फडक्यात बांधून ठेवलेलं आहे. ती जाणार हे त्याला कसं कळलं ते मला माहीत नाही, पण कळलं. प्रेमापोटी त्याने हे केलं असं वकील शेवटी म्हणतीलच, अगदीच अडकले तर. कसलं प्रेम? घरात आपल्यासाठी पाय न वाजवता चालणारं माणूस निघून जातंय, एवढंच त्याला सहन झालं नाही. मला त्याचा तिटकारा आहे. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले, पण आता लिहिलं.

पण तिटकारा घरी बसून करणं सोपं आहे, म्हणून हे पत्र. सोमवारी मी उभी राहिले की तो मान वर करेल. वकिलांनी तेही शिकवलं असेल. आणि तो माझ्याकडे बघेल तो या वयाच्या तोंडाने नाही, तान्हेपणीच्या, नुकत्याच झोपेतून उठलेल्या तोंडाने. मी मिरची असले तरी आई आहे, आणि त्या क्षणी माझी जीभ काय बोलेल याची मला खात्री नाही. म्हणून जे बोलायचंय ते आधीच तुझ्या हातात देऊन ठेवतेय. तो माझ्याकडे जेवायच्या वेळेला आला नव्हता, चहाची वेळ उलटून गेल्यावर आला. आणि चिमीने स्वतःसाठी रुमाल कधीही बांधला नाही. तिच्यासाठी त्या घरात कुणी रुमाल बांधला तो त्या एकाच दुपारी. खाली माझी सही आहे. सोमवारी मी एका शब्दाने जरी डगमगले, तर तिथल्या तिथे ऊठ आणि हा कागद सरकारी वकिलांच्या हातात दे. आयुष्यभर गप्प राहिलीस, त्या दिवशी राहू नकोस. मला माफ करायला ये असं मी म्हणत नाही, माझ्या समोर बसायला ये, म्हणजे मला त्याच्याऐवजी तुझ्याकडे बघता येईल. पुढचा बाक लवकर भरतो. मी आधी जाऊन पिशवी ठेवून तुझी जागा धरते.

तुझीच,
मिरची