एव्हर्टीचं नाणं

सावो, फिनलंड
मार्च १९३१

प्रिय हिल्माताई,

आई गेली. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. तू माझ्यासाठी पाठवलेलं अमेरिकेचं तिकीट मी तिला दाखवलं होतं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, जा.

एव्हर्टीचं नाणं तू आठवण म्हणून मागितलं आहेस. अठरा सालच्या यादवीत कामगारांच्या लाल सरकारने हेलसिंकीत पाडलेलं ते तांब्याचं, पाच पेनीचं. हरलेल्या लालांच्या कैदी छावणीतून सुटलेल्या एका शिंप्याने ते आणून दिलं तेव्हा तू इथे नव्हतीस. आपल्या भावाला, एव्हर्टीला, आजाऱ्यांच्या कोठीत नेताना त्याने पाहिलं होतं. बाहेर येताना कोणीच पाहिलं नाही. तोवर ते सरकारही उरलं नव्हतं. आई नाणं घेऊन दुकानात गेली. दुकानदार हसून म्हणाला, "मावशी, लेकाच्या राज्याच्या नाण्यात चिमूटभर मीठसुद्धा येत नाही." आई म्हणाली, "मीठ आहे घरात. राज्य खरं होतं का, तेवढं सांग." तो मीठ तोलत राहिला.

पुढे दर हिवाळ्यात ताव्हेट्टीकाका मागे लागायचे, की चर्चच्या वाटेवरच्या पाइनवर पोराचा क्रूस कोरून टाकू. तुला आठवतं ना, तो क्रूस पाहिला की मेलेलं माणूस तिथूनच मागे फिरतं, घरी येत नाही. काका म्हणायचे, त्यालाही शांती, तुलाही. आई म्हणायची, "येऊ दे की. मेलेला असला तरी येऊ दे." शनिवारी वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवली की ती राखेने नाणं घासायची, त्यावरचे कर्णे लखलखेपर्यंत, आणि खिडकीत ठेवायची. सौनातलं थोडं गरम पाणी त्याच्यासाठी मागे राहायचं.

काल तिला नेलं. पाइनपाशी घसरगाडी थांबली. काकांनी चाकू काढला. मी म्हटलं, कोरू नका. बर्फात सगळे माझ्याकडे बघत उभे. काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "सायमी, अगं, ती घरी येईल ना." मी म्हटलं, "तिला यायचंच आहे." जाण्याआधी तिने माझ्याकडून तेवढं वचन घेतलं होतं. "माझा क्रूस नको," म्हणाली. "तू गेलीस की घर रिकामं. पोरगा आला तर दार कोण उघडणार?"

तिकीट सोबत परत पाठवते आहे. नाणं पाठवत नाही. रागावू नकोस, ताई. दार आई उघडेल, पण सौना कोण तापवणार? आज शनिवार. नाणं घासून खिडकीत ठेवलं आहे. पाणी आता दोघांपुरतं मागे ठेवायचं.

इथलीच, आणि तुझीच,
सायमी