कपाळावरच्या दोन रेघा

३ नोव्हेंबर, सोमवार
शनिवारच्या साखरपुड्याचा व्हिडिओ पाहिला. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा, रुळांसारख्या. पडणारच. वीस वर्षं इबादान शहरात नवरीकडची अलागा आहे मी, साखरपुडा माईकवरून चालवणारी. खोटंखोटं चिडायचं, नवऱ्यामुलाला आणि त्याच्या मित्रांना पुन्हा पुन्हा जमिनीवर पालथं पडून नमस्कार करायला लावायचं, मगच मुलगी द्यायची. २२ला अदेवुसींकडे साखरपुडा, पाचशे पाहुणे आहेत. त्यांना म्हणे ती दुसरी अलागा, मोरेनिकेही चालली असती. तिच्या कपाळावर रेघ नाही, कारण तिला चिडताच येत नाही. ठरलं. इंजेक्शन.

५ नोव्हेंबर
टोचून घेतलं. डॉक्टरीणबाई माझ्या सिमीच्या वयाची, आणि मलाच शिकवते. औषध सुरकुती भरत नाही म्हणे. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, स्नायू सैलावतो, कातडीला घडी पडत नाही. फरक तीन दिवसांनी दिसू लागेल, पुरता पंधरवड्यात. तीन-चार महिने टिकेल. आज कपाळ चोळू नका, दाबू नका, पापणी उतरू शकते. बरं बाई.
संध्याकाळी चुलतबहिणीचा वाढदिवस. धाकट्या बहिणीने, किकेने, फेटा बांधून दिला. कडक कापड, कपाळावर करकचून. फेटा म्हणजे काही दाबणं नव्हे. बोडक्या डोक्याने जायला मी काय भिकारीण आहे?

६ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
रेघा जिथल्या तिथे. फसवलं. फोन केला. कालच सांगितलं होतं, म्हणाली. उर्मट.

१० नोव्हेंबर
कपाळ हलेनासं झालंय, पण ओठांजवळच्या सुरकुत्या तशाच. पुन्हा फोन. तिथे टोचलंच नाही, म्हणाली. एकदा अंगात गेलं की औषधाने सगळीकडे फिरायला नको? इतकं आळशी औषध मी पाहिलं नाही.

१२ नोव्हेंबर
डावी पापणी उतरली. डॉक्टरणीने विचारलं, त्या दिवशी कपाळावर काही बांधलं होतं का. मी बांधलं नव्हतं, म्हणाले. खरंच आहे. किकेने बांधलं होतं. उतारा मागितला, तर याला उतारा नसतो. डोळ्यात घालायला थेंब दिले, बाकी काही आठवडे वाट पाहा. तिचं डिग्रीचं सर्टिफिकेट तपासायला हवं.

१८ नोव्हेंबर
आरशापुढे अर्धा तास चिडण्याचा सराव. कपाळ घासलेल्या ताटासारखं. सिमीने मिरचीचा सगळा रस्सा संपवला म्हणून तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, आई, आज खुशीत दिसतेस, भात उरलाय का?
हरकत नाही. राग आवाजात असतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
राग आवाजात नसतो.
पडा पालथे, म्हणून गरजले. पोरं हसली. पुन्हा गरजले. एकजण म्हणाला, मावशी किती गोड, डोळासुद्धा मारतात. मग सगळे न विचारता उठून नवरीकडे निघाले. मी संतापले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या माईकवर खरीखुरी संतापले. पाचशे माणसं टाळ्या वाजवत होती. नवरीच्या आईने माईक काढून घेतला आणि मोरेनिकेला दिला. तिने नुसत्या भुवया आक्रसल्या. पोरं आडवी.

२३ नोव्हेंबर
नवरीच्या आईचा फोन. माफी मागणार, म्हणून ऐटीत खुर्चीत बसले. ती म्हणाली, ताई, काल तुमचा चेहरा सगळ्यांना फार शांत वाटला. आमच्या चर्चमधल्या एका आजोबांना शुक्रवारी माती द्यायची आहे. शवपेटीजवळ बसाल का? बोलायचं काही नाही.
डिसेंबरचे चारही साखरपुडे मोरेनिकेकडे गेलेत.
हो म्हणाले.