आई एकटी आली

रविवार, अमरावती

अजून धक्का ओसरला नाही. दुपारी दार उघडलं तर समोर आई! अकोल्याहून एसटीनं एकटीच आली. मी उद्या तिला आणायला जाणार होते. बाबा असताना ती कधी जवळच्या अकोटलाही एकटी गेली नव्हती.

"अवं, फोन तरी करायचा!" मी ओरडलेच.

"काहून? तिकडं तं मी दोन बस बदलून फिरते."

तिकडं म्हणजे कॅनडात, दादाकडे. बाबा गेल्यापासून ती तिथंच असते, सध्या अकोल्याला आली आहे. तिथल्या वाचनालयात परदेशातून आलेल्या वयस्कर माणसांना डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा लावून बसप्रवास शिकवतात. चष्म्यात बस येते, तिच्यात चढायचं, बरोबर थांब्यावर उतरायचं.

"पयल्या दिवशी मी खुर्चीच घट्ट धरून बसली," आई हसली. मग सहज म्हणाली, "त्याच्याआधी दोन वर्षं एकटी घराबाहेर पडलीच नोती मी. भाषा येत नोती. हरवली असती तं?"

दोन वर्षं! दर रविवारी फोनवर म्हणायची, मजेत आहे. मजेत! मी कसं मानलं? आज कुठं गेली होतीस, एवढंही कधी विचारलं नाही.

मला रडूच फुटलं.

"रडून काहून राहिली? परवा तुह्या मावशीकडं परतवाड्याले जानार आहे मी. यायचं असन तं चाल."