जाळ्यांची उंची

२ फेब्रुवारी
सकाळी बायकोला, रेमीला, पुरलं. दुपारी तीनला उद्यानात पोचलो. कामावर हजर व्हायची तारीख आधीच ठरलेली होती. खोली चांगली आहे. पूर्वेला खिडकी, बाहेर पपई. फाटकावर राहणाऱ्या आलिंग ब्रिहिदांनी तळलेले मासे आणून दिले. म्हणाल्या, "कोळी मोजायला एवढं शिकावं लागतं, सर? माझ्या न्हाणीघरात या, बसल्या जागी शंभर देते." बऱ्याच दिवसांनी हसलो.
मग त्यांनी विचारलं, येताना पगपग केलं ना? मयताकडून सरळ राहत्या जागी कुणी येत नाही. वाटेत कुठं तरी बसतात, मागून आलेलं तिथंच झटकून टाकतात. केलं, असं मी सांगितलं.
खोटं सांगितलं. गाडीवाल्याला कुठंही थांबू नको म्हणून बजावलं होतं. रेमीनं सोबत यावं, एवढंच मनात होतं.

४ फेब्रुवारी
पाच जागा ठरवल्या: बांबूचं बन, ओढा, गवताळ माळ, नारळीची बाग, जुनं जंगल. प्रत्येकीत पन्नास मीटरची पायवाट. रोज सकाळी कोणत्या जातीचा कोळी, किती, आणि जाळं जमिनीपासून किती उंच, ते टेपनं मोजून लिहायचं. ओढ्याकाठी लांब पायांचे, पाण्यालगत आडवी जाळी. गवतात पट्टेरी. जंगलात पाचोळ्यावर जाळं न विणता पळणारे. आतापर्यंत एकोणतीस जाती. वाटेवरचं जाळं मोडू नये म्हणून मी वाकून जातो. सवयीचं झालंय.

५ फेब्रुवारी
बांबूच्या वाटेवरची मोठी जाळी मधोमध फाटलेली. धागे लोंबत होते, कोळी कडेला. माझ्याआधी कुणीतरी चालून गेलं होतं. सातच्या आत फाटकातून कुणी येत नाही, असं आलिंग ब्रिहिदा म्हणाल्या.
रेमी नेहमी माझ्या पुढं चालायची. बाजारात, चर्चला जाताना. मागं वळून म्हणायची, पाय उचल की, मास्तर. मी वहीत 'तुटलेलं' एवढंच लिहिलं. मोजलं नाही. दिवस फार बरा गेला.

८ फेब्रुवारी
पाचही वाटांवर जाळी तुटलेली. मी मागून चालतो आणि बोलतो. तिच्या आजारपणात जे बोललो नाही, ते. आलिंग ब्रिहिदांनी ऐकलं. "कोळ्यांची हजेरी घेताय का, सर?" म्हणाल्या. त्यांना हसताना पाहून मीही हसलो.

९ फेब्रुवारी
रेमीच्या थोरल्या बहिणीचा, सेलीचा, फोन. रडत होती. "एफ्रेन, रेमी घरी आलीय रे. तपकिरी पाखरू होऊन. रोज तुझ्या उशीवर येऊन बसतंय. हाकललं तरी हलत नाही. तुलाच शोधतेय ती. परवा नववा दिवस, मग जाईल. एकदा येऊन जा ना."
फोन ठेवला. रेमी तिथं आहे.
मग इथं पुढं कोण चालतंय?

१० फेब्रुवारी
आज मोजलं. रेमी माझ्या खांद्याला लागायची. फाटलेल्या भागाचं वरचं टोक: बांबू १८८ सेंटिमीटर. ओढा १९०. नारळी १८७. माझी उंची १६३.
शवगृहात रेमीला दर्शनासाठी ठेवलं होतं, तेव्हा शेजारच्या खोलीत आणखी एक मयत माणूस होता. त्याच्याजवळ कुणीच आलं नव्हतं. पेटी आखूड पडली होती, गुडघे दुमडून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी वाईट वाटलं म्हणून मी आत जाऊन थोडा वेळ बसलो. भेटायला येणाऱ्यांच्या वहीत नाव लिहिलं. त्या वहीत एकच नाव होतं. माझं.
आलिंग ब्रिहिदांना सगळं खरं सांगितलं. त्या दोन पावलं मागं सरकल्या. म्हणाल्या, "तुम्हीच त्याला जवळचे वाटलात, सर. आता घरी जाऊ नका. तुमच्यामागून तो आत शिरेल. तिथं बायको आहे तुमची."

११ फेब्रुवारी
नववा दिवस. सेलीचे चार फोन.
गावातल्या खानावळीत दोन तास बसलो. कपडे झटकले. आलो तर बांबूच्या बनातली कोळ्यांची जाळी अखंड. सगळी. पिशवी भरली, निघालो. प्रत्येक जाळ्याखालून वाकून, एकही न मोडता —
वळणावर मागं पाहिलं. मी आलो त्या वाटेवरची सगळी फाटलेली. अगदी पाठीशी होतं तेही.
परत फिरलो. त्याला रेमीकडं नेणार नाही.
पाच वाजता सेलीचा निरोप. पाखरू गेलं. दिवसभर दाराकडं तोंड करून बसलं होतं, म्हणाली.

१२ फेब्रुवारी
मोजणी नाही.
आलिंग ब्रिहिदा फाटकाला कुलूप लावून लेकीकडं गेल्या. सांगून गेल्या नाहीत.
खिडकीतलं जाळं सकाळी बरं होतं. आता फाटलंय — आतल्या बाजूनं —
बोलून पाहिलं. नाव विचारलं. रेमीनं काहीतरी म्हटलं असतं.
भूक लागलीय. तांदूळ काढले. एक वाटी. पातेल्यात टाकली. मग दुसरी, त्याची —