आईच्या लग्नाचे पाट

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
सोमवार

प्रिय यशोधन,

आधी एक तक्रार नोंदवून घे, मग बाकीचं. जगातल्या कुठल्याही मशीनची वायर ही भिंतीवरच्या बोर्डापर्यंत पोचायला बरोब्बर एक वीत कमी पडते. हा योगायोग नाही, हे धोरण आहे. कुठेतरी एक समिती बसत असणार, चहा पीत असणार आणि ग्राहकाचा हात कुठवर पोचतो ते पाहून त्याच्या अलीकडे वायर कापा असा ठराव करत असणार. मी गॅरेजमध्ये एका हातात मशीन, दुसऱ्या हातात प्लग घेऊन दोन्ही हात पसरून उभी आहे, अशी माझी सध्याची अवस्था. एक्स्टेन्शन मागावं तर घरात प्रत्येकाचं काहीतरी राष्ट्रीय महत्त्वाचं चार्जिंग चालू असतं. शेवटी मी टेबलच भिंतीकडे ओढलं. समरजीत दारात उभं राहून म्हणाला, "हे आधी सुचलं नाही?" लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला अजून सगळं नंतर सुचतं.

पत्र बघून दचकला असशील. तू फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर म्हणून रोज सकाळी सूर्योदय आणि सुविचार पाठवतोस. कालचा होता ‘मौन हीच खरी शक्ती’. म्हटलं, या शक्तिमान पुरुषाला कुरियरनेच गाठावं. पाकिटावर सही करावी लागते. सही केली की उघडावंसंही वाटतं.

तर मशीन. त्याला बिस्किट जॉइनर म्हणतात. नाव ऐकून मंजिरी म्हणाली, "मम्मा, आता आप बेकरी खोलणार का?" तुझ्या भाचीचं मराठी असं आहे, मी सुधारायचं सोडून दिलंय. दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या असल्या की हे मशीन दोन्ही कडांमध्ये चंद्रकोरीसारखी खाच पाडतं. त्या खाचेत डिंक घालून लाकडाची एक चपटी, बदामी चकती बसवायची. तीच बिस्किट. डिंकाची ओल लागली की ती आत फुगते आणि दोन्ही फळ्या घट्ट धरून ठेवते. वरून काही दिसत नाही. खिळा नाही, पट्टी नाही. तू म्हणशील, विमा कंपनीतली नोकरी सोडून बाईला हे काय सुचलं. तीन वर्षं तेच म्हणतोयस. तीन वर्षांत मी अर्ध्या कॉलनीचे देव्हारे केलेत, आणि एकही देव पडलेला नाही.

आता हे मशीन का घ्यावं लागलं, ते तुला ठाऊक आहे आणि ठाऊक नसल्यासारखं तू करतोयस. आईचं लग्न ठरलं. कृष्णरावकाकांशी. आपल्या जयेंद्रगंजच्या घरासमोर राहणारे, टपाल खात्यातून रिटायर झालेले, ज्यांच्या गच्चीवरून तू पतंग पळवायचास तेच. तिने तुला फोनवर सांगितलं, तू "विचार करतो" म्हणालास आणि त्या दिवसापासून विचारच करतोयस. आईचं वय चौऱ्याहत्तर, यशोधन. तिच्याकडे तुझ्याइतका विचार करायला वेळ नाही.

तिचा हट्ट काय, तर लग्न पाटावरच. मी म्हटलं, अगं, तुझे गुडघे, काकांचे गुडघे, चारांत एक धड नाही. सरळ खुर्च्या टाकू. तर म्हणाली, "खुर्चीवर बसून करायला ते लग्न आहे का सत्कार? मग शाल-श्रीफळ द्या आणि भाषणं करा." प्लायचा पाट करते म्हटलं, तर असा चेहरा केला की जणू मी तिला पुठ्ठ्यावर बसवत्येय. सागवानच हवं. तेव्हा असं ठरलं की पाट सागवानी, पण खुर्चीइतक्या उंच पायांचे. बसताना पाट, उठताना खुर्ची. पण आता बाजारात रुंद सागवान मिळत नाही. मिळतात त्या हातभर लांब, चिंचोळ्या पट्ट्या. काका तसे सडपातळ आहेत, तरी पट्टीवर मावणार नाहीत. एका पाटाला तीन फळ्या जोडायच्या, आणि तो जोड पंचाहत्तरीच्या वजनाखाली ऐन मंगलाष्टकांत कुरकुरता कामा नये. कळलं?

बाड्याजवळच्या हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाला, "दीदी, ये तो कोई लेताही नहीं." मग, कोणी घेत नाही ते त्याच्याकडे तीन प्रकारचं निघालं. एक तर ग्राइंडरला लावायचा नुसता जोड होता. स्वस्त, आणि बोटं उडवायला उत्तम. दुसऱ्याचा रंग फार सुंदर. मी पर्समधून सुताराचा काटकोनी गुण्या काढला आणि त्याची पुढची आडपट्टी काटकोनात आहे का बघितलं. नव्हती. पट्टी तिरकी असेल तर खाच तिरकी, खाच तिरकी तर फळ्या वरखाली. दुकानदार म्हणाला, "इतना कौन देखता है?" म्हटलं, भैय्या, आईचं लग्न आहे. त्याने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, एकदा मशीनकडे, आणि मुकाट्याने तिसरा डबा उघडला. तिसरं जड होतं, कुरूप होतं, पण पट्टी सरळ, आणि पुढे दाबलं की पातं न डगमगता आत जाऊन परत येत होतं. तेच घेतलं. नवरा निवडतानाही मी हेच बघितलं होतं, फक्त पर्समध्ये गुण्या नव्हता.

वापरायचं तंत्र सोपं आहे. फळ्या शेजारी ठेवायच्या, जोडावर आडव्या पेन्सिलीच्या खुणा करायच्या, आणि प्रत्येक फळीची वरची बाजू ठरवून मशीन नेहमी त्याच बाजूवर टेकवायचं. मी आईचा पाट पहिला केला. इतका एकजीव जमला की जोड कुठे आहे ते मलाच शोधावं लागलं. त्यामुळे डोक्यात हवा गेली. काकांच्या पाटाला वाटलं, बिस्किटं जरा जास्त घालू, अगदी टोकापर्यंत. मग पाटाला शोभतील असे चारी कोपरे गोल केले, आणि एका कोपऱ्यात करवत थेट आतल्या बिस्किटातून गेली. कडेला बदामाएवढा फिकट डाग उघडा पडला. टेबलाचा कोपरा चौकोनी असतो, तिथे हे खपलं असतं. पाट म्हणजे कोपरे गोल, हे लहानपणापासून त्यावर बसून जेवलेल्या बाईला खाच पाडताना आठवू नये!

मी नवीन करणारच होते. तेवढ्यात आई आणि काका बघायला आले. काकांनी चष्मा वर करून त्या डागावर बोट फिरवलं. म्हणाले, "हा माझा ना? राहू दे असाच. विनिता, आमच्या वयात जोड दिसलेलाच बरा. लपवून कोणाला फसवायचंय?" आई म्हणाली, "बघ, आत्तापासून उत्तरं देतायत." आणि हसली. तिचं ते हसणं तू ऐकायला हवं होतंस. तात्या गेल्यावर मी ते ऐकलं नव्हतं. तात्या असतानाही फारसं ऐकलं होतं का, आठवून बघ. आपल्या घरात हसायला परवानगी लागायची.

गुरुजी विचारत होते, कन्यादान कोण करणार? आई म्हणाली, "दान-बिन काही नको, मी काय भांडं आहे? माझा मुलगा शेजारी उभा राहील." गुरुजी म्हणाले, नाही जमलं त्यांना तर? तर ती शांतपणे म्हणाली, "मग पाट नको, पंगत नको. आम्ही दोघं ऑफिसात जाऊन सह्या करून येऊ." काकांनी नुसता चहाचा कप तिच्या हाताजवळ सरकवला. माझे दोन पाट भिंतीला टेकून हे ऐकत होते.

तुझी अडचण पद्मानं मला सांगितली. बायकोला फितूर म्हणू नकोस, मीच खोदून विचारलं. पुढच्या गुरुवारचं लग्न, आणि तुझं ऑडिट शुक्रवार संध्याकाळपर्यंत. ऑडिट खरं आहे, मान्य. पण ते तुला किती सोयीचं पडलं, तेही मी ओळखते. यायचं की नाही हे तुला ठरवावं लागलं नाही, ऑडिटनेच ठरवलं. पद्मा असंही म्हणाली की तू रेशमी कुर्ता धुवायला दिलायस. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. काल मी सगळ्यांना सांगितलं की थंडीत डिंक फार वेळ घेतो, गुरुवारी पाटावर बसण्यात धोका आहे, रविवारच्या आत जमायचं नाही. समरजीतने लाकडातलं सगळं कळत असल्यासारखी मान हलवली. गुरुजींना रविवारचा गोरज मुहूर्तही सापडला. त्यांना सापडतो. फक्त आई उठली, पाटाजवळ गेली, जोडावर टकटक केलं. खणखणीत वाजलं. डिंक एका रात्रीत सुकतो रे, दोन्ही पाट खडखडीत कोरडे आहेत. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो गं, ओलंच लागतंय अजून." शनिवारी निघालास तर रविवारी गोरजाच्या आत पोचशील. माझ्या लग्नात, तात्या रुसून घरी बसले होते तेव्हा, अंतरपाट सापडेना म्हणून सगळा मांडव शोधत होता, आणि तू एका गादीवरून उठायला तयार नव्हतास. पाय मुरगळलाय म्हणालास. तात्या फाटकातून आत आले आणि तुझा पाय बरा झाला, गादीखाली अंतरपाटही सापडला. मी तेव्हा काही बोलले नाही. तूही आता कोणाला काही सांगू नकोस. कोणी विचारलं, तर डिंक ओला होता.

तुझीच,
विनिता